लालासाहेबांची हरकत

लालासाहेब पडले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, भर दुपारी, चौतीस मतांनी पडले. पण ही गोष्ट आपण ऐकलेली नाही. खुद्द लालासाहेबांचंही तेच म्हणणं आहे. तेव्हा निवडणूक अजून व्हायची आहे असं धरून चालू.

साल सत्त्याण्णव. गाव पिंपळखिंड, तालुका कराड. गावाचे वॉर्ड तीन, आणि त्यातला दोन नंबर सरपंच हंबीररावांचा. त्या वॉर्डाचा नकाशा म्हणजे बालवाडीतलं पोर पाटीवर 'ळ' गिरवत असताना मागून कुणी ढकलावं, तसा होता. वेशीपासून निघायचा, भावकीची घरं वेचायचा, शाळेला वळसा घालायचा, ओढा ओलांडून मळ्यातल्या दोन वस्त्या उचलायचा आणि विरोधकांची दारं दिसली की चपला हातात घेऊन मागं फिरायचा. हंबीरराव पंधरा वर्षं पडले नव्हते ते एवढ्यामुळंच.

लालासाहेबांना हे सलत होतं. दोघं एकाच दिवशी पलटणीत भरती झाले. हंबीरराव सुभेदार होऊन परतले, लालासाहेब नाईक. हंबीररावांचा ऊस कारखान्याला आधी जायचा, मिशी मात्र उशिरा पिकली. त्यात एकोणनव्वदला गल्लीत नळ आला, तेव्हा ते लालासाहेबांच्या घरी पिठलं जेवले आणि म्हणाले, "वैनी, असलं पिठलं मी पार लडाखपातूर खाल्लं न्हाई." लडाखात पिठलं मिळतच नाही, हे लालासाहेब आपल्या बायकोला, मनुबाईला, आठ वर्षं समजावत होते. मनुबाई नळ सोडला की म्हणायची, सुभेदार भावजी हायत म्हणून पाणी हाय.

म्हणून लालासाहेबांनी तहसीलला हरकत घेतली. वॉर्ड माणसं बघून पाडू नयेत. ओढा, रस्ता अशा सगळ्यांना दिसणाऱ्या हद्दींवर सरळ पाडावेत. अर्जात लोकशाही हा शब्द अकरा वेळा होता. सुनावणीला नवा नायब तहसीलदार होता. शिवी नसलेली हरकत त्यानं पहिल्यांदाच वाचली. त्यानं पट्टी मागवली, नकाशावर आडवी ठेवली आणि रेघ ओढली. ओढ्यापलीकडं वॉर्ड एक. अलीकडं रस्त्याच्या वरच्या अंगाला दोन, खालच्या अंगाला तीन. पंधरा वर्षांचं वाकडेपण दहा मिनिटांत गेलं.

गाव खूश झालं. तात्याबा नावाच्या म्हाताऱ्याचं मत आजवर समोरची शाळा सोडून मळ्यात होतं, तो लालासाहेबांच्या पाया पडून गेला. लालासाहेब पेढे घेऊन घरी आले.

मनुबाईनं पेढा तोंडात टाकला. "मग आता आपण कुटल्या वॉर्डात?"

"दोन."

"म्हंजे सुभेदार भावजींच्या?"

लालासाहेबांनी नकाशा पुन्हा उलगडला. जुनी वाकडी रेघ त्यांच्या उंबऱ्याच्या बाहेरून जात होती. लालासाहेबांचं मत नको म्हणून हंबीररावांनीच ती तशी घालून घेतली होती. त्यामुळं मनुबाईनं हंबीररावांना मत देणं कायद्यानंच अशक्य होतं. एवढा पक्का सरकारी बंदोबस्त लालासाहेबांनी स्वतः अर्ज करून उठवला होता.

उपाय एकच उरला. त्यांनी स्वतः हंबीररावांविरुद्ध फॉर्म भरला. चिन्ह मिळालं कपबशी. प्रचाराला ते गावात दोनदा फिरले, स्वयंपाकघरात रोज. मतदानाच्या सकाळी मात्र त्यांना राहवलं नाही.

"मला देणार न्हवं?"

"मत गुप्त असतंय, आवं. तुमीच पारावर सांगितलं."

"ते गावाला सांगितलं. तू घरची."

"मग पेटी घरातच ठेवायची हुती."

ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेली आणि शाईचं बोट बघत, गालात हसत परत आली. का हसतेस, हे लालासाहेबांनी चारदा विचारलं. ती भाकरी थापत राहिली.

निकाल आपल्याला माहीत नाही. पण समजा, चौतीस मतं कमी पडली असतीच, तर त्यातली तेहेतीस लालासाहेबांनी गावाला माफ केली असती. उरलेलं एक कुणाचं, हे त्यांनी आपल्या पोलिंग एजंटला विचारलं, मोजणीच्या कारकुनाला विचारलं, बंदोबस्तावरच्या हवालदारालाही विचारलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला.

"मा. तहसीलदारसाहेब, कराड यांचे सेवेशी. सविनय अर्ज करतो की, नवीन वॉर्डरचना अत्यंत न्याय्य असून तीबाबत अर्जदाराची काहीएक तक्रार नाही. तथापि घर क्रमांक ११४ पुरता अपवाद करून वॉर्ड दोन व तीनची हद्द सदर घराच्या माजघरातून नेण्यात यावी, जेणेकरून बाहेरचा सोपा व अर्जदार वॉर्ड दोनमध्ये राहतील आणि चूल व सौ. मनुबाई वॉर्ड तीनमध्ये समाविष्ट होतील. वॉर्ड तीनमध्ये सुभेदार दर्जाचा उमेदवार उभा राहणार नाही, याची दक्षता घ्यावी. तसेच झालेल्या मतदानातील सौ. मनुबाई यांची मतपत्रिका शोधून तिची सत्यप्रत अर्जदारास समक्ष व बंद पाकिटात देण्यात यावी, ही नम्र विनंती."