कानापासून सुरुवात

घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली होती. नर्सिंगच्या वर्गात सगळे तिला ‘एक्स्प्रेस’ म्हणत, आणि एक्स्प्रेस मागच्या खेपेला याच प्रात्यक्षिकात नापास झाली होती. आज पुन्हा गटांगळी खाल्ली, तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

लहान मुलाची तपासणी मोठ्या माणसासारखी करत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. मूल शांत आहे तोवर श्वास मोजायचे, छाती ऐकायची. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर मूल कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

समोर आजोबांच्या मांडीवर सव्वा वर्षाचा ढब्बू बसला होता. परीक्षक मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती.

“सारखा कान ओढतोय हो हा,” आजोबा म्हणाले.

झालं! एवढं पुरलं. हिने कानात बघायची बॅटरी उचलली आणि थेट ढब्बूच्या कानाला लावली. पडदा छान स्वच्छ दिसला आणि त्याच क्षणी ढब्बूने असं काही भोकाड पसरलं की बाहेर रांगेत बसलेली पोरंही सुरात सूर मिसळू लागली. तिने घाईघाईने स्टेथोस्कोप छातीवर टेकवला. आत नुसता आरडाओरडा! गेलं वर्ष वाया, ती मनाशी म्हणाली.

पण ढब्बूचं तोंड? ते गुहेएवढं उघडं होतं. जे बघायला एरवी दोघांना मूल धरावं लागतं, ते आयतंच समोर आलं होतं. तिने आत प्रकाश मारला. घसा साफ होता, आणि मागे एक दाढ हिरडी फुगवून बाहेर यायच्या तयारीत होती.

“कान बरा आहे आजोबा, दाढ येतेय. तिची कळ कानापर्यंत जाते. रड रे राजा, रडून घे!”

“अहो, रड काय म्हणता लेकराला?” आजोबा भडकले.

“गालावर पाणी बघा ना कसं वाहतंय, म्हणजे अंगात पाणी कमी नाही. तोंड दोन्हीकडून सारखंच वाकडं होतंय, म्हणजे चेहऱ्याच्या नसाही ठीक. आणि लाथा—” एक तिच्या हनुवटीवर बसली, दुसरी खांद्यावर. “दोन्ही पाय ठणठणीत आहेत!”

आता राहिले श्वास आणि हृदय. तिने आजोबांना ढब्बूला खांद्यावर घ्यायला सांगितलं, स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून गरम केली आणि खाली फरशीवर बसकण मारली.

“वेळ संपत आलाय,” मॅडम म्हणाल्या.

तिचे हात शिवशिवत होते. अंदाजे आकडा ठोकून देणं किती सोपं होतं!

“हो मॅडम. पण तो अजून हुंदके देतोय. आत्ता मोजलं तर चुकीचं येईल. मी थांबते.”

हुंदके विरळ झाले, मान आजोबांच्या खांद्यावर कलंडली. तिने आवाज न करता श्वास मोजले, पूर्ण मिनिटभर. मग हलकेच चकती टेकवली. आत ते चिमुकलं हृदय टुकटुक धावत होतं, स्वच्छ, नियमित. तिला इतका आनंद झाला की परीक्षा चालू आहे हेही ती विसरली.

मॅडम उठल्या. “कान आधी बघितलास, त्याचे गुण कापले आहेत.”

“हो मॅडम.”

“आकडा मात्र मनाचा सांगितला नाहीस. मागच्या वेळी सांगितला होतास.”

तिने मान खाली घातली. आजोबांना मात्र परीक्षा कुणाची, याचा पत्ताच नव्हता. झोपलेल्या नातवाच्या पाठीवर थोपटत त्यांनी काळजीने विचारलं, “मग झाला का हो पास आमचा?”

मॅडमना हसू आवरेना.

“दोघंही झाले,” त्या म्हणाल्या.