अरिक बोकेचा शेवट

मुक्ताचे वडील, पद्माकर सर, नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी कुबलाई खानाचं चरित्र लिहायला घेतलं आणि ते निम्म्यावर आलं तोच काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मुक्ता तोवर आयर्लंडला आलेली, आई केव्हाच गेलेली. त्यांचा जुना विद्यार्थी हेमचंद्र तेव्हापासून रोज संध्याकाळी यायचा, वाचून दाखवायचा, सर सांगतील ते उतरवून घ्यायचा. पुस्तक पुरं होत नव्हतं, आणि ते व्हावं अशी घाई दोघांनाही दिसत नव्हती.

२०२०च्या टाळेबंदीत हेमचंद्रचं येणं थांबलं. "मला सांगा, मी टाइप करते," मुक्ता फोनवर म्हणाली. लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून ती क्लोनडॉकिनला घरी यायची. आत मुलांची ऑनलाइन शाळा आणि नवऱ्याच्या, विक्रांतच्या मीटिंगा चालू असायच्या, म्हणून ती दारातच गाडीत बसायची आणि लॅपटॉप मांडीवर घ्यायची.

"मोंगके खान, कुबलाईचा थोरला भाऊ, मोहिमेवर असताना मेला," सर सांगत. "वारस नेमला नव्हता. धाकटा भाऊ अरिक बोके घरी, राजधानीत. कुबलाई लांब, चीनमध्ये. दोघांनी आपापल्या माणसांची सभा भरवली, दोघेही खान झाले. आता सांग, हक्क कोणाचा? जो घर धरून राहिला त्याचा, की लांब जाऊन ज्यानं नाव काढलं त्याचा?"

मुक्ताची बोटं थांबली. "बाबा, हे पुस्तकात घ्यायचंय?"

"नाही. तुला विचारून राहिलो."

"पुढं सांगा," ती म्हणाली. पण वीस वर्षांत बाप असा तिच्या वाट्याला आला नव्हता. कुबलाईनं राजधानीचं धान्य तोडलं, अरिक बोकेची माणसं उपाशी पडली, शेवटी तो स्वतःहून भावाच्या तंबूशी येऊन उभा राहिला. 'आपल्यात बरोबर कोण होतं?' असं कुबलाईनं विचारलं. 'तेव्हा आम्ही, आज तुम्ही,' असं धाकटा म्हणाला, तेव्हा मोठ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि दोन वर्षांनी कैदेत मेला. मारला त्याला. कुबलाईनंच. लिही तसं."

"पुरावा आहे?"

"पुरावा कुठून असणार? पण भाऊ जिवंत असता तर ह्याला झोप लागली नसती."

नव्या वर्षात, जानेवारीत, बोलता बोलता सरांच्या तोंडून निघून गेलं, "हे काल हेमचंद्रला सांगितलंच आहे, तू फक्त नीट कर."

टाळेबंदी सैल होताच हेमचंद्र परत यायला लागला होता. सर त्याला तीच प्रकरणं नव्यानं सांगत होते. तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"एकच पुस्तक दोघांना, बाबा? मग पुरं कोण करणार?"

 सर हसले. "म्हातारा खान वारस नेमत नाही, तोवर सगळे त्याच्या तंबूत येत राहतात. नेमला की संपलं, बाप्पा."

मुक्ताला राग आला. तरी त्यांनी हेमचंद्रला थांबवावं असं ती सांगू शकली नाही, आणि त्यांनीही कोणाला थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये सरांना कोविड झाला. हेमचंद्र दवाखान्यामागून दवाखाना फिरला, एक खाट मिळवली, बाहेर फुटपाथवर बसून राहिला. मुक्ता विमानांचे नियम वाचत होती. पाचव्या दिवशी त्याचाच फोन आला. "मुक्ताताई," एवढंच म्हणाला.

पावसाळ्यात पुण्याचे प्रकाशक पुस्तक छापायला तयार झाले. हेमचंद्रनं त्यांना कळवलं की त्याच्याकडचा मजकूर नंतरचा, म्हणून तोच सरांचा अंतिम. मुक्तानं कळवलं की तिच्याकडचा मजकूर संपूर्ण आहे, आणि कायद्यानं वारस ती आहे. हे दुसरं वाक्य लिहून तिनं पुसलं, परत लिहिलं आणि पाठवून दिलं. प्रकाशकांनी तिची बाजू घेतली.

"त्याला आधी फोन करायचास ना," विक्रांत म्हणाला.

"तो शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता, विक्रांत. मला एवढं तरी असू दे."

नोव्हेंबरात प्रकाशन ऑनलाइन झालं. हेमचंद्र आला, कॅमेरा बंद ठेवून. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताईंनी परदेशात नोकरी सांभाळून सरांचं काम तडीला नेलं. आम्हाला ते जमलं नसतं." लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मुक्ताला मान वर करवेना.

कार्यक्रम आटोपल्यावर तिनं त्याला फोन लावला.

"हेमचंद्रभाऊ, तुम्ही असं का बोललात?"

"कार्यक्रमात काय भांडायचं, ताई? छान निघालं पुस्तक. फक्त शेवट मला पटला नाही."

"म्हणजे?"

"अरिक बोके आजारानं गेला, असं सर मला सांगायचे. भावानं मारलं नाही त्याला. दोनदा सांगितलं होतं."

 "मला म्हणाले, मारला."

 सरांना खरं काय वाटत होतं, ते आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

"दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही घालू," ती घाईनं म्हणाली. "तुमचं नाव घालू माझ्या बरोबरीनं. मी उद्याच कळवते त्यांना."

"नको ताई." त्याचा आवाज प्रथमच चिरकला. "नावाचं काही नाही. इतकी वर्षं संध्याकाळ झाली की पाय सरांच्या घराकडे वळायचे. आता घरात बसून राहतो. बायको म्हणते, जरा बाहेर जाऊन या. कुठं जाऊ, ते तुम्ही सांगा."

 मुक्तानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून त्यानंही तो बंद केला नाही.