पाठीवर मूठ असलेलं जाकीट

मी एक जाकीट बोलतंय. खिशात घड्याळ मिरवणारं, मऊ लोकरीचं वगैरे नव्हे. जहाजाच्या शिडाच्या जाड कापडाचं, बिनबाह्यांचं, पुढून दोरीने आवळायचं. माझ्या पाठीवर कमरेपाशी चामड्याची एक मूठ आहे, ट्रंकेला असते तशी. जाकिटाला मूठ कशाला, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर एबेन थर्लोचा शिडं शिवायचा माळा होता. तिथे माझा जन्म झाला. एबेनचा मुलगा रूफस टेकडीवरच्या कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या फुटबॉल संघाचा कप्तान होता. खेळ तेव्हा नवा होता. डोक्याला टोप नाही की अंगात चिलखत नाही. पोरं उन्हाळाभर केस वाढवायची, तेवढीच डोक्याला गादी. लांबोडका चामडी चेंडू छातीशी धरून समोरच्या रेषेपलीकडे न्यायचा, आणि तुम्हाला जमिनीत गाडायला समोर अकरा जण टपलेले!

त्यात एक नियम मोठा गमतीचा. चेंडूवाला पडला म्हणून डाव थांबत नसे. त्याने स्वतःच्या तोंडाने ‘डाऊन!’ असं ओरडलं पाहिजे, मगच पंच शिटी फुंकायचा आणि पुढचा डाव तिथूनच सुरू व्हायचा. तोवर त्याला कुणीही कुठेही ओढावं.

म्हणून ही मूठ. कल्पना नेट लिबीची. संघातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात बडबड्या गडी.

"तू पडलास की आम्ही तुला पोत्यासारखा पुढे ओढू," तो रूफसला म्हणाला. "पण धरायला काहीतरी नको का? तुझे कान किती दिवस पुरणार?"

एबेनने मेण लावलेल्या दोऱ्याने मूठ शिवली आणि दोन्ही पाय रोवून ओढून पाहिली. "शीड फाटेल, पण हा टाका सुटायचा नाही," तो म्हणाला.

त्याच सुमारास प्राचार्य रेव्हरंड स्टिकनींनी संघाला बोलावून घेतलं.

"तीन वर्षं ब्रॅकेट कॉलेजकडून मार खाताय. दात पडतात, अभ्यास बुडतो. या थँक्सगिव्हिंगच्या सणाला हरलात तर खेळ कायमचा बंद. वसंतात मी त्या मैदानावर बटाटे लावीन."

"बटाटेसुद्धा ब्रॅकेटवालेच उपटून नेतील," लिबी पुटपुटला. हसलं मात्र कुणी नाही.

पहिल्या सामन्यात काय धमाल! रूफस पडायचा, लिबी मूठ धरायचा आणि आम्ही चिखलातून घसरगाडीसारखे पुढे! लोक टोप्या उडवत होते. त्या दिवशी मी पुरतं फाटलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं.

दुसरा सामना गोदीतल्या कामगारांशी होता. त्यांच्यातल्या एका राक्षसाने माझी मूठ पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, याला तर कडी लावलीय!"

आणि त्याने आम्हाला उलट्या दिशेने ओढायला सुरुवात केली.

"डाऊन म्हण! रूफस, डाऊन म्हण रे!" आमची पोरं ओरडत होती.

रूफस दात आवळून गप्प. त्याला तो शब्द म्हणजे शरण जाणं वाटे. सगळं मैदान पार करून त्या राक्षसाने आम्हाला आमच्याच रेषेमागे नेऊन टाकलं. त्याचे गुण त्यांना मिळाले आणि सामना गेला.

"एक शब्द, लेका! एकच शब्द बोलायचा होता," लिबी चिडून म्हणाला.

"आमच्या घरात कुणी हार कबूल केलेली नाही," रूफस म्हणाला.

"हार नाही रे, जागा. जिथे म्हणशील तिथली जागा आपली. तू फुकट देऊन टाकलीस सगळी."

लिबी मूठ कापायला चाकू घेऊन आला. रूफसने त्याचा हात धरला. "मूठ राहू दे. चूक तिची नाही, माझ्या तोंडाची आहे."

मग थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उजाडला. घरोघरी टर्की भट्टीत ठेवून सगळं गाव मैदानाच्या दोराला येऊन टेकलं. एबेनही त्यात होता, हात खिशात घालून. ब्रॅकेटचे दोन गुण, आमचा भोपळा. रेष ओलांडली तर चार मिळणार होते. उजेड कमी होत चालला होता.

रूफस चेंडू घेऊन घुसला. तिघांना अंगावर घेऊन पडला. लिबीने मूठ पकडली. सरकलो! आणखी सरकलो! रेष हातभर उरली. तेवढ्यात ब्रॅकेटच्या आडदांड पिलिंगने रूफसचे पाय धरले, त्याच्यामागे आणखी दोघे लागले, आणि आम्ही मागे जाऊ लागलो. माझे टाके करकरले. रूफसची छाती माझ्या आत धडधडत होती. तो शब्द त्याच्या बरगड्यांपाशी अडलेला मला जाणवत होता. दोरापाशी उभ्या बापाकडे त्याने एकदा पाहिलं.

"डाऊन!"

केवढ्याने ओरडला तो!

"बोलला! थर्लो बोलला एकदाचा!" पिलिंग खिदळला. "आई हवी का रे, बाळ?"

पण पाऊलभरच मागे गेलो होतो, आणि रेष गाठायला आमच्याकडे अजून एक डाव शिल्लक होता. सगळा ब्रॅकेट संघ रूफसवर डोळे लावून बसला. चेंडू मात्र लिबीने स्वतःकडे ठेवला. एका हाताने त्याने माझी मूठ घट्ट धरली आणि रूफस मान खाली घालून बैलासारखा त्यांच्या माणसांच्या भिंतीत शिरला. पिलिंग उताणा पडला. त्याच्या अंगावरून आम्ही, आमच्या मागे लिबी, आणि लिबीच्या बगलेत चेंडू. रेष ओलांडली! मला कुणीकुणी मिठ्या मारल्या, सांगता यायचं नाही. रेव्हरंड स्टिकनींची टोपीसुद्धा हवेत गेली. ती परत मिळाली नाही म्हणे.

एबेन गर्दीतून आला. "ऐकलं मी," तो म्हणाला. रूफसने मान खाली घातली. "योग्य जागी ओरडलास." एवढंच बोलून त्याने चिखलाने जड झालेल्या मला मुलाच्या अंगातून उतरवलं आणि वाळायला माळ्यावर नेलं.

दोन वर्षांनी रूफस फुप्फुसाच्या तापाने गेला.

मी अजून त्याच माळ्यावर, खिळ्याला आहे. लिबी आता त्याच कॉलेजात शिकवतो, संघही तोच तयार करतो. दर सप्टेंबरला तो जिना चढून येतो.

"एबेनकाका, नव्या पोरांना जाकीट दाखवायचंय. नेऊ का?"

एबेन शिडावरून नजर उचलत नाही. "अजून ओलं आहे रे ते."

लिबी मला हात लावून पाहतो. मी फळीसारखं कडक आहे. "बरं, काका," तो म्हणतो. "पुढच्या खेपेला नेईन." आणि हळूच जिना उतरतो.

एबेनबाबा, माझं बोलणं तुम्हाला ऐकू आलं असतं तर एकच सांगितलं असतं. मी वाळलंय. केव्हाचंच वाळलंय मी. एखाद्या पोराच्या अंगात मला पुन्हा घामाने भिजू द्या.