ताईने धुतलेला निरोप

ताईच्या नवऱ्याचा ट्रक जुना, आणि तिच्या भावाचं गॅरेज त्याहून जुनं. घरापासून गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं, पण हाक मारायची कोणी? ट्रक दारात आला त्या दिवशी भावाने, म्हणजे मिस्त्रीने, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि चारचौघांत म्हणाला, "लोक भंगार विकतात, आमच्या दाजींनी विकत घेतलं." नवराही काही मूग गिळून बसणाऱ्यांतला नव्हता. "ज्याला गाडी चालवता येत नाही, तो दुरुस्त करत बसतो," तो म्हणाला. झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

म्हणजे एकमेकांशी तुटलं. ताईमार्फत ते भरपूर बोलायचे. लोक निरोपाला मीठमिरची लावतात. ताई लावलेली मीठमिरची धुऊन काढायची. नवरा म्हणायचा, "त्या आडमुठ्याला सांग, शिडी पाहिजे तर स्वतः येऊन ने. मी काय त्याचा हमाल आहे?" ताई भावाला सांगायची, "शिडी केव्हाही घेऊन जा म्हणालेत." भाऊ म्हणायचा, "त्यांची शिडीही त्यांच्यासारखीच, धड उभी राहत नाही." ताई नवऱ्याला सांगायची, "शिडीचा फार उपयोग झाला म्हणत होता." अशाने दोघांचीही खात्री पटली होती की समोरचा मनातून वरमलाय, फक्त कबूल करत नाही.

मग ट्रकचं स्टीअरिंग जड झालं. जिथे उभा राहील तिथे ट्रक खाली तेलाचं थारोळं सोडायचा. नवरा स्टीअरिंगच्या टाकीत तेल ओतायचा, ते वाटेतच संपायचं आणि वळणावर त्याला अख्ख्या अंगाचा जोर लावावा लागायचा. दंड दुखून रात्री कूस बदलता येईना. चौकापलीकडचा त्याचा नेहमीचा कारागीर दुकान विकून मुलीकडे राहायला गेलेला. शेवटी नवऱ्याने ट्रक मेव्हण्याच्या दारात नेऊन उभा केला आणि केबिनमध्येच बसून राहिला. खाली उतरला असता तर बोलावं लागलं असतं.

मिस्त्री ट्रकखाली, नवरा वर, आणि मध्ये बंपरला टेकून ताई. मिस्त्रीने खालचा सगळा मळ रॉकेलने धुतला, फडक्याने कोरडा केला, त्यावर पावडर भुरभुरवली. ओल कुठून फुटते ते पांढऱ्यावर लगेच दिसतं.

"सांग त्यांना, इंजिन चालू करा. स्टीअरिंग डावीकडे शेवटपर्यंत. आणि टोकाला धरून ठेवू नका म्हणावं, पंप फुटेल. डोकं असेल तर कळेल."

"सावकाश फिरवा म्हणतोय," ताई वर ओरडली, "टोकाला धरून ठेवू नका, पंपाला त्रास होतो."

इंजिनच्या घरघरीत वरून आवाज आला, "त्याला सांग, मागे एकदा वाटेत स्टीअरिंगचं तेल मिळालं नाही, तेव्हा मी ब्रेक ऑइल ओतलं होतं. उगाच नंतर म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून."

ट्रकवाल्याच्या बायकोला एवढं कळत होतं की हे काही शहाणपणाचं काम झालेलं नाही. भावाला कळलं तर तो रस्त्यावर उभा राहून आल्यागेल्याला सांगेल. तिने निरोप नेहमीसारखा धुतला. या वेळी धुता धुता त्यात काही उरलंच नाही.

"काय म्हणतायत?" खालून प्रश्न आला.

"तेल वेळच्या वेळी टाकलंय म्हणतायत."

पावडरीवर पंपाजवळ ओला डाग उमटला. "पंपाचं सील," मिस्त्री म्हणाला. "डोळे झाकून सांगतो." त्याने सील बदललं, ताजं तेल भरलं. आठवडाभरात ट्रक परत आला. या वेळी स्टीअरिंग बॉक्सच्या तळाला थेंब लोंबत होता. ते सीलही बदललं. पुन्हा ट्रक परत, आता पाइपाच्या जोडाला ओल. एक भोक बुजवावं तर दुसरं हसायचं. ज्याच्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा तक्रार घेऊन आली नव्हती, त्या मिस्त्रीचं जेवणावरून मन उडालं. नवऱ्याचे दंड भरून आले होते, पण चेहरा लग्नघरासारखा खुलला होता. मेव्हण्याची फजिती बघायला तो आणखी महिनाभरही जड स्टीअरिंग ओढायला तयार होता.

ताई मात्र दोन्हीकडे चहा पोचवत होती. आता सांगावं तर आधी का नाही सांगितलं, आणि न सांगावं तर हे कधी थांबणार?

शेवटी मिस्त्रीने सगळं तेल काढलं आणि त्यातलं थोडं एका काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. सकाळी बघतो तर वर तेल आणि तळाला वेगळंच काहीतरी, पातळ, पिवळसर. त्याने हुंगलं. जुनं सील चिमटीत दाबलं, ते भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलेलं. मग तो ट्रकखाली शिरला. थेंब पडत होते तिथला चासीचा रंग फोड येऊन सुटला होता; स्टीअरिंगच्या तेलाने रंग असा सुटत नाही.

तो बाटली घेऊनच केबिनपाशी आला. ताई तिथे उभी होती, पण तिच्याकडे बघायचं तो विसरला.

"यात ब्रेक ऑइल कोणी ओतलं?"

"मी ओतलं," नवराही विसरला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना!"

"मला? मला कोणी सांगितलं?"

दोन्ही माना एकदमच वळल्या.

"तू काय सांगितलंस गं?" नवऱ्याने विचारलं.

"तेल वेळच्या वेळी टाकलंय म्हणून," ताई म्हणाली. चोरी पकडली गेली तरी तिचा आवाज खाली आला नाही. "आणि तुम्ही मला काय काय सांगायचात ते सांगू? दोघांचंही? आत्ता, इथे?"

दोघांनाही ते ऐकायची हौस नव्हती. नवरा खाली उतरला. मिस्त्रीने बाटली उजेडात धरली आणि दोघे तिच्यात बघत राहिले, सोनाराकडे दागिना पारखायला आल्यासारखे. "आपण वेड्यासारखे एकेक सील बदलत बसलो," मिस्त्री म्हणाला, "इथे ब्रेक ऑइलने सगळंच रबर फुगून गेलेलं." "एका माणसाने एवढं लपवावं म्हणजे कमाल आहे," नवरा म्हणाला. कित्येक वर्षांनी दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते ताईच्या चुकीवर. ब्रेक ऑइल मुळात आपणच ओतलं होतं हे नवरा एव्हाना सोयीस्कर विसरला होता.

ताई वळली आणि घरी निघून गेली. भाजी चिरताना सुरी नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

दोघांनी मिळून सगळ्या नळ्या धुतल्या, ताज्या तेलाने पुन्हा पुन्हा विसळल्या, एकूण एक सील आणि रबरी पाइप बदलला. उन्हं कलताना ट्रक दारात आला. थेंब नाही, आवाज नाही, एका बोटाने वळणारं स्टीअरिंग. दोघे हात धुऊन जेवायला बसले. ताईने ताटं आदळत वाढली.

"ताई, दाजींना सांग," मिस्त्री सवयीने म्हणाला, "की..."

"समोर बसलेत. तूच सांग."

मिस्त्रीने घास गिळला. ताटाकडे बघतच म्हणाला, "दाजी, इंजिन मात्र चांगलं ठेवलंयत तुम्ही."

नवरा दचकला. त्याने मेव्हण्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग ताईकडे झुकून हळूच विचारलं, "म्हणजे नक्की काय म्हणतोय हा?"