सतरा नंबरची लाल टोपी

मी एक जुनी लाल टोपी आहे. डोक्यात घालायची नाही हं, मित्रांनो. कुणाच्या डोक्याला मी पुरणारच नाही, तळहाताएवढा माझा जीव. माझी जागा डोळ्यावर. तोही माणसाचा नाही, उपग्रहाचा.

फोनचे आवाज इकडून तिकडे पोचवणारा उपग्रह वर गेला, की त्याला आपलं तोंड पृथ्वीकडेच ठेवावं लागतं. पाठ फिरवली तर संपलं, मग बोलणारे बोलत बसतात आणि ऐकणाऱ्यांच्या कानाशी नुसती खरखर. म्हणून त्याला काचेचा एक डोळा असतो. तो तारे बघतो आणि ताऱ्यांवरून ओळखतो, आपलं तोंड कुठे नि पाठ कुठे. डोळा भलता नाजूक. बोट लागलं तरी डाग पडतो. म्हणून जमिनीवर असेपर्यंत त्याच्यावर मी बसून राहते. माझ्या कडेला हातभर लांब लाल फीत आहे, आणि फितीवर पांढऱ्या अक्षरांत छापलंय, ‘उडण्याआधी काढा’.

म्हणजे बघा, जन्माला आले तीच हकालपट्टीचा हुकूम गळ्यात घालून!

मला शिवलं मेव्हणीने. पत्र्याची पातळ चकती, आत मऊ रबर, वरून लाल कापड, आणि कडेने असा बारीक टाका की एक धागा सुटेल तर शपथ. मेव्हणी म्हणजे दाजींची मेव्हणी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. आणि दाजी म्हणजे आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. ती त्यांना दाजी म्हणते म्हणून अख्खा कारखाना दाजी म्हणतो. ते तिला मेव्हणी म्हणतात म्हणून सगळेच मेव्हणीबाई म्हणतात, साहेबसुद्धा. खरी नावं हजेरीच्या कागदावर असतील, कुणी बघितलीत?

आम्ही एकूण बत्तीस टोप्या. कुणी डोळ्यावर बसते, कुणी नळीच्या तोंडावर, कुणी कुठल्याशा भोकावर. मोठ्या हॉलच्या दाराशी, बाहेरच्या अंगाला एक फळी आहे, फळीवर बत्तीस खुंट्या, आणि सतरावी खुंटी माझी. उपग्रहावरून उतरवली की टोपी आपल्या खुंटीला. सगळ्या खुंट्या भरल्या की समजायचं, उपग्रह मोकळा झाला. मग त्याच्याभोवती शिंपल्यासारखं दोन तुकड्यांचं कवच बसवतात, आणि तो जातो रॉकेटच्या डोक्यावर. आमचं रॉकेट भलतंच दांडगं, कारखान्यात त्याला ‘पैलवान’ म्हणतात.

माझ्या हाताखालून नऊ उपग्रह गेले, मित्रांनो. नऊच्या नऊ वेळा मी खुंटीला लटकून जमिनीची थरथर सोसली आणि मनात म्हटलं, गेलं लेकरू. आपण आपलं खुंटीवर.

आता दाजींबद्दल सांगते. या माणसाने आयुष्यभर दोनच कामं केली. उपग्रहांना टोप्या घातल्या आणि माणसांना टोप्या घातल्या. एकदा आठवडाभर ते साहेबांची खुर्ची रोज बोटभर खाली करत होते. शनिवारी साहेबांची हनुवटी टेबलाला टेकली, तरी साहेब म्हणतात, “हल्ली मला थकवा फार जाणवतो.” एकदा साहेबांचा आवाज काढून दाजींनी फोनवरून सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. फाटक ओलांडून लोक घरीसुद्धा पोचले. पण टोप्या काढायची वेळ आली की हाच माणूस देवासारखा शांत. एकेका टोपीला हात लावायचा, तोंडातल्या तोंडात नंबर म्हणायचा, मग काढायचा. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, बोटांवर होता.

दहाव्या उपग्रहाच्या वेळी मात्र घोटाळा झाला, आणि त्याची सुरुवात दाजींनीच केली.

ज्या कंपनीचा उपग्रह होता त्यांची मंडळी बघायला आली. साहेब कडक इस्त्रीत. दाजींनी मला खुंटीवरून उचललं आणि साहेबांच्या पट्ट्याला मागून अडकवून दिलं. तासभर साहेब पाहुण्यांना पैलवान दाखवत फिरले आणि मी त्यांच्या मागे डुलत होते, ‘उडण्याआधी काढा’! पाहुण्यांना वाटलं इथला नियमच असेल. शेवटी एका म्हाताऱ्या पाहुण्याने मला हळूच सोडवलं आणि साहेबांच्या हातात देत म्हटलं, “घ्या. आता तुम्ही उडायला मोकळे.”

पाहुणे गेले आणि साहेब कडाडले. “दाजी, आणखी एक खोडी केलीत ना, तर तुम्हालाच काढेन. आणि तेही उडण्याआधी!”

“नाही करणार, साहेब.”

“पाहुणे असतील तेव्हा हॉलमध्ये दिसायचं नाही. टोप्या दुसरे दोघं काढतील.” मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “आणि ही काय फीत आहे? लाल म्हणायची का गुलाबी? मोडीत काढा ही सतरा नंबर. नवी शिवून घ्या.”

खरंच होतं ते. माझा रंग उडाला होता. इतकी वर्षं धुऊन धुऊन मी विटलेल्या शेंदरी रंगाची झाले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्याकडे बघतं कोण? अक्षरं वाचायची आणि ओढून काढायची, एवढाच माझा संबंध.

मेव्हणीने नवी शिवली. लालबुंद, करकरीत. पण नवी टोपी खास धुलाईतून गेल्याशिवाय उपग्रहाजवळ न्यायची नाही असा नियम, आणि धुलाईची पाळी आठवड्याने होती. म्हणून शेवटचं काम म्हणून मलाच डोळ्यावर बसवलं. आणि नवी ठेवायची कुठे? सतरा नंबर तिचाही. टांगली माझ्याच खुंटीला.

कळला ना घोळ? मी कामावर आणि खुंटी भरलेली!

कवच बसवायचा दिवस उजाडला. गॅलरीच्या काचेमागे पाहुणे. दाजी बाहेर, शिलाईखोलीत बसलेले. दोन पोरगेले फिटर आले, दिसतील तशा टोप्या काढत गेले. मी होते उपग्रहाच्या मागच्या अंगाला, त्याच्यावरच्या कागदाच्या एका घडीच्या आड. उपग्रहाला गुंडाळलेला सोनेरी कागद आणि माझा विटका रंग, दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. एकाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पाहिलं आणि पुढे गेला! फळीवर बत्तीस खुंट्या भरलेल्या. साहेबांनी खूण केली. कवचाचा एक तुकडा बसला. दुसरा क्रेनला लटकत यायला लागला.

खरं सांगू, मित्रांनो? मला आधी आनंद झाला. नऊ वेळा खुंटीला लटकले होते, दहाव्यांदा फुकटात आकाश! मी मनातल्या मनात फीत झटकून तयार.

आणि मग माझ्या पोटाखालची गारगार काच जाणवली. तो डोळा. मी वर गेले तर तो कधी उघडणारच नाही. इतका मोठा उपग्रह ठार आंधळा होऊन भलतीकडे तोंड करून फिरत राहील. आणि मला आठवली मेव्हणीची लेक.

ती बोटीवर इंजिन सांभाळते, किनाऱ्यापासून आठवडे आठवडे दूर. तिचा फोन ज्या जुन्या उपग्रहावरून यायचा तो आता थकला होता. बोलता बोलता तुटायचा. शेवटचा फोन आला तेव्हा मी मेव्हणीच्या मशीनवर फीत शिवून घेत होते. लेक म्हणाली, “आई, ऐक, मी या खेपेला ल…” आणि खर्रर्र.

तेव्हापासून मेव्हणी त्या ‘ल’ला धरून बसलेली. दाजी तिला चिडवायचे, “लग्न करतेय गं तुझी लेक! बोटीच्या कप्तानाशी!”

“गप्प बसा दाजी. लंगडत असेल पोर माझी. पडलीबिडली असेल कुठे.”

हा दहावा उपग्रह त्या थकलेल्याच्या जागी जायचा होता. मी त्याच्या डोळ्यावर बसून राहिले, तर तो ‘ल’ कायमचा अर्धाच राहणार होता. मला ओरडावंसं वाटलं. पण टोपी कशी ओरडणार? माझं एकच वाक्य, आणि तेही विटलेलं.

पुढचं मी नंतर मेव्हणीच्या तोंडून ऐकलं. ती फळीपाशी गेली, नवी टोपी धुलाईला न्यायला. तिथूनच हाक मारली, “दाजी, जुनी सतरा नंबर द्या की. उसवून ठेवते.”

“खुंटीवर असेल बघ.”

“खुंटीवर नवीच आहे.”

“मग जुनी काढून कुठे…” दाजींनी हातातला कप खाली आदळला. “मेव्हणी, ती काढलीच नाही गं.”

अंगावर पांढरा झगा चढवून, हवेच्या झोतातून हॉलमध्ये यायला दहा मिनिटं लागतात. एवढा वेळ नव्हता. दाजींनी भिंतीवरचा फोन उचलला आणि हॉलमधल्या फोनच्या भोंग्यातून त्यांचा आवाज घुमला, “साहेब! थांबवा! टोपी घातलीय!”

साहेबांनी डोळे मिटले. “आज कुणाला घातलीत, दाजी?”

“डोळ्याला, साहेब! डोळ्याला टोपी घातलीय!”

हॉलमध्ये हशा पिकला. काचेमागचे पाहुणेही हसायला लागले. साहेबांचे कान लाल झाले, तरुणपणी मी होते तसे. “दाजी, तुम्हाला शेवटचं सांगितलं होतं मी,” म्हणाले आणि फोन ठेवला.

लगेच पुन्हा वाजला. “साहेब, मी मेव्हणी बोलतेय. दाजी खरं सांगतायत.”

“वा! बायकी आवाज तर झकास काढता हो,” साहेब म्हणाले. पुन्हा ठेवला.

कवचाचा तुकडा आता माझ्यापासून दोन हातांवर. अंधार पडायला लागला होता. उरलेल्या फटीतून मला फक्त गॅलरीची काच दिसत होती.

आणि त्या काचेपाशी दाजी आले. धावत, धापा टाकत, पाहुण्यांमधून वाट काढत. एका हातात माझी करकरीत धाकटी बहीण. दुसऱ्या हाताने त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, ज्याच्यावर ते फाटकातून आत येतात ते, आणि दोन्ही काचेला टेकवून धरलं. खोटं निघालं तर हे घ्या, असं. नुसते उभे.

साहेबांची पाठ होती तिकडे. पण वरून क्रेनवाल्या ताईंनी पाहिलं. क्रेन थांबली. कवच हवेत लटकलं.

“काय झालं?” साहेब ओरडले.

वरून ताईंचा आवाज आला, “साहेब, मी बावीस वर्षं या माणसाला बघतेय. दात न दाखवता उभा राहिलेला आज पहिल्यांदा बघितला. तुम्हीच बघा. मी नाही पुढे नेणार.”

साहेब वळले. काचेपाशी दाजींचा चेहरा. घामाने ओला, आणि त्यावर हसू औषधालाही नाही. साहेबांनी स्वतः शिडी लावली, मागच्या अंगाला आले, आणि दाजी करतात तसा डोळे मिटून हात फिरवला. त्यांची बोटं माझ्यावर थांबली.

“सतरा,” साहेब हळूच म्हणाले. आणि मला काढलं.

माझ्या खालून काच उघडी झाली. हॉलचा पहिला उजेड त्या डोळ्यात चमकला, आणि मला कळलं, आकाश बघायचं काम त्याचं. मी त्याला जमिनीवर जपलं, माझं काम झालं.

हॉलमधून साहेब थेट गॅलरीत गेले, दाजींचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात परत घातलं आणि म्हणाले, “दाजी, पुढच्या वेळी ‘टोपी घातलीय’ म्हणू नका हो. ‘झाकण राहिलंय’ म्हणा.”

“चुकलंच, साहेब. सुरुवातही माझीच. मी ती तुमच्या मागे लावली नसती तर…”

“तर तिचा रंग उडालाय हे मला अजून कळलं नसतं,” साहेब म्हणाले. आणि मग आमच्या साहेबांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग सगळंच.

चार दिवसांनी भर दुपारी पैलवान उडाला. फळीवरच्या बत्तीस टोप्या थरथरल्या. सगळ्यात जास्त मी.

मला मोडीत काढलं नाही, मित्रांनो. मेव्हणीने माझी फीत तेवढी उसवली आणि नवी, रक्तासारखी लाल लावली. धाकटीला तेहतिसावी खुंटी मिळाली. आता नियम आहे, एका खुंटीला एकच टोपी, आणि टोप्या हाताने मोजायच्या. मोजतात दाजीच, पाहुणे असले तरी.

काही आठवड्यांनी शिलाईखोलीत फोन वाजला. मी मशीनजवळच होते. आवाज असा स्वच्छ, की पोरगी शेजारच्या स्टुलावर बसून बोलतेय जणू.

“आई! ऐकू येतंय?”

“येतंय गं बाई. आधी सांग, ते ‘ल’ काय होतं?”

“कुठलं ‘ल’? अगं, लवकर येतेय म्हटलं होतं! महिनाभर सुट्टी आहे.”

मेव्हणीने पदर डोळ्याला लावला. दाजींनी फोन ओढून घेतला, साहेबांचा हुबेहूब आवाज काढला आणि म्हणाले, “बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची सुट्टी रद्द करण्यात आली आहे.”

“दाजीकाका, तुमचा आवाज ओळखते मी,” समुद्रातून उत्तर आलं. आणि खोलीभर हसणं, न तुटता.

तर मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी मागते. एखादी जुनी वस्तू विटली तर तिला फेकायची घाई करू नका, पण ती विटलीय हे वेळेवर बघा. रोज वापरता ना, मग रोज एकदा नीट बघायला काय जातं? आणि तुम्हाला कायम हसवणारा माणूस एखाद्या दिवशी हसत नसेल, तर आधी क्रेन थांबवा. प्रश्न नंतर विचारा.

बरं, माझी ती जुनी विटकी फीत कुठे गेली, ते विचारलंच नाहीत तुम्ही. मेव्हणीने ती दाजींना दिली. दाजी ती खिशात घालून सगळीकडे फिरतात.

जरा पाठीमागे हात लावून बघता का?