चढी पट्टी

बळवंतबुवांचं कीर्तन म्हणजे मधुकररावांचा जीव की प्राण. पेटीची साथ त्यांचीच, वर्षानुवर्षं. पण रामनवमीला बुवांनी भर पूर्वरंगात त्यांच्याकडे हात केला. "देवानं यांना कॅन्सरातून सोडवलं, पण जिभेचे चोचले काही सुटले नाहीत! पेढे हाणले, आता घ्या पोटात सुया!" सारं देऊळ हसलं. बायकांत बसलेल्या मधुकररावांच्या पत्नी प्रेमलताबाईंची मान खाली गेली.

एक पेढा खाल्ला असेल तर शपथ! फुप्फुसाच्या गाठीसाठी नागपूरला इम्युनोथेरपी झाली होती. त्या औषधानं शरीराचे पहारेकरी मोकळे सोडले. त्यांनी गाठीला झोडपलं अन् त्याच आवेशात इन्सुलिन करणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकल्या; मधुमेह आला तो असा. हे मधुकररावांनी बुवांना स्वतः सांगितलं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

हनुमान जयंतीला प्रेमलताबाई म्हणाल्या, "काहून जाता आता तिथं? बसू द्या दुसऱ्या कोणाले पेटीवर."

"मीच बसतो. तू पुढं बस."

बुवांची सवय अशी, की साज जुळल्यावरच यायचं आणि थेट गादीवर उभं राहायचं. त्यांची गाण्याची पट्टी काळी एक. मधुकररावांनी तबला लावायला सूर दिला तो त्याहून वरच्या काळी दोनचा.

"काका, इतकी चढी?" तबलजी राजूनं विचारलं.

"हौ. बुवांचा गळा आज मोकळा आहे म्हणे."

नमन कसंबसं निभलं. अभंग वरच्या सुरात शिरला आणि बुवांचा आवाज चिरकला. पुन्हा उचलला, पुन्हा चिरकला. मागं कोणी तरी फिसकन हसलं. घामाघूम बुवा वाकून पुटपुटले, "मधुकरराव, पट्टी चढली. उतरवा ना जी."

मधुकररावांनी भाता थांबवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेढे जास्त झाले का, बुवा?"

देवळात हशा उसळला. बुवा त्यांच्या कानाशी कुजबुजले, "चुकलं माझं. माफ करा मले."

"माझ्या कानात नको. गादीवरून बोललात, गादीवरूनच फेडा. तोवर पट्टी हीच."

बुवांनी झांजा खाली ठेवल्या. "यांचा मधुमेह कॅन्सरच्या औषधानं झाला, खाण्यानं नाही," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. "मले माहीत होतं. हशासाठी खोटं बोललो."

प्रेमलताबाईंनी मान वर केली. राजूनं तबला उतरवायला हातोडी उचलली.

"थांब," मधुकरराव म्हणाले. "मागं ऐकू नाही गेलं. बुवा, पुन्हा एकदा. मोठ्यानं."