गावाच्या संगीताचा लसावि

गच्चीवरच्या शिकवणीत खंडोजी मास्तर एक नियम पाळत आले होते. उत्तर आपल्याला माहीत असलं, तरी ते पोरांच्या तोंडून येईपर्यंत आपण गप्प बसायचं. त्या बुधवारी मात्र हा नियम पाळताना त्यांची जीभ अक्षरशः वळवळत होती.

त्यांच्या गवीपुरमच्या घरात वरच्या खोलीत सुखदा राहायची. पुण्याची मुलगी, कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमचं संगीत करायची. जंगलात राक्षसांशी झुंजून दमलेला खेळाडू ज्या गावात विसाव्याला येतो, त्या गावाचं संगीत तिच्यावर सोपवलं होतं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. तीन दिवस पहाटे तळ्याकाठी बसून तिनं भारद्वाजाचं घुमणं टिपलं होतं. झऱ्याचं पाणी टिपलं होतं. संतूरच्या संथ धुनेला ताल होता गुलमोहराच्या वाळक्या शेंगांचा, त्या तिनं याच गच्चीवर वाजवल्या होत्या. शुक्रवारी दुपारी तिचा साहेब त्रिविक्रम कानाला हेडफोन लावून त्या गावात दहा मिनिटं बसणार होता. तेवढ्यात त्याचा हात आवाज बंद करायला गेला, की सुखदाचं संगीत बाद, आणि गावाला बाहेरून विकत आणलेलं तयार संगीत लागणार.

म्हणून बुधवारी ती लवकर घरी आली आणि तडक गच्चीवर गेली. शिकवणीच्या पाच पोरांसमोर तिनं गेम चालू केलेला फोन ठेवला. मास्तरांनीही खुशीनं वर्ग थांबवला. पोरं आनंदानं गावात हिंडू लागली, आणि तिसरं मिनिट लागतं न लागतं तोच गिरीराजनं आवाज बंद करून टाकला.

सुखदाचा चेहरा उतरला. काय आवडलं नाही, असं तिनं विचारलं. गिरीराजला सांगता येईना. रक्षिताला आलं. ती सातवीतली, आणि तिची जीभ स्वल्प धारदारच होती.

"अक्का, तो पक्षी आमच्या आईसारखा आहे. आता जेव म्हणेल, हे आधीच कळतं."

सगळी हसली. सुखदाला हसू येईना. पक्ष्याचा आवाज कमी करू का, दुसरा पक्षी घालू का, असं ती स्वतःशीच पुटपुटत राहिली. मास्तरांनी जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, की हे सगळं वाजतं तरी कसं. तिनं सांगितलं, की धून, पाणी आणि पक्षी असे तीन वेगळे तुकडे आहेत, प्रत्येक संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तिघांची लांबी तिनं अगदी नीटनेटकी, सारखी ठेवली आहे. बत्तीस सेकंद.

मास्तरांना तिथंच सगळं उमगलं. उत्तर ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि पोरांच्या दोन रांगा केल्या.

डावीकडच्यांनी दर चौथ्या आकड्याला टाळी वाजवायची, उजवीकडच्यांनी दर सहाव्या. मास्तर आकडे मोजू लागले. बारावर दोन्ही टाळ्या एकदम पडल्या, चोवीसवर पुन्हा. मग त्यांनी रांगांना पाच आणि सात दिले. दहा गेले, वीस गेले, तीस गेले, टाळ्या एकमेकींना चुकवत पळत होत्या. पोरं श्वास धरून वाट बघत होती. पस्तीसवर दोन्ही रांगांची टाळी एकदम पडली, तेव्हा शेजारच्या गच्चीवरच्या बाई वाकून बघायला लागल्या.

सुखदा घड्याळाकडे बघत होती. "काका, प्लीज, तुम्हाला माहीत असेल तर सांगून टाका ना."

"मला कुठं गेम येतो?" मास्तर म्हणाले आणि पुन्हा पोरांकडे वळले.

रक्षिता हाताकडे बघत उभी होती. मग तिचे डोळे मोठे झाले. "अक्का, तुझ्या तिघांचा लसावि बत्तीसच आहे. दर बत्तीस सेकंदाला सगळं तेच. त्यांना एकमेकांना चुकवू दे की."

सुखदा ताडकन उठून उभी राहिली. पाणी आणि पक्षी यांना ताल नव्हता, त्यांची लांबी काहीही चालणार होती. गिरीराज म्हणाला, पाणी चोवीसचं कर. रक्षितानं लगेच लसावि काढून त्याला वेडावलं, कारण शहाण्णव सेकंदांत, म्हणजे दीड मिनिटातच, धून आणि पाणी पुन्हा गळ्यात गळे घालत होते. मग खडू निघाले. गच्चीच्या फरशीवर पाच जणांचे पाच हिशेब सुरू झाले, एकमेकांचे खोडून. धून बत्तीसचीच राहिली, पाण्याला एकोणतीस मिळाले. पक्ष्याला सदतीस, म्हणजे हाकेच्या मागं आणखी पाच सेकंद शांतता. कुठल्याच दोघांना एकाच आकड्यानं भाग जात नव्हता, म्हणून लसावि म्हणजे तिन्हींचा गुणाकारच, तो चौतीस हजार तीनशे छत्तीस आला. गिरीराजनं तो तासांत मांडला, स्वतःच्याच उत्तरावर विश्वास न बसून पुन्हा मांडला आणि मास्तरांकडे बघून ओरडला, "मेष्ट्रे! साडेनऊ तास! साडेनऊ तास ते परत तसं येणार नाही!"

मास्तरांनी त्याला गुणाकार पुन्हा तपासायला सांगितला. तो बरोबरच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपला आवाज कापेल अशी त्यांना भीती वाटली, म्हणून तेवढा वेळ त्यांनी मिळवला.

शुक्रवारी साडेपाचला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सुखदा धापा टाकत आली आणि तशीच फरशीवर पोरांमध्ये बसली. त्रिविक्रम दहा मिनिटं बसणार होता, तो पंचवीस मिनिटं गावातून उठलाच नाही, असं तिनं सांगितलं. आवाजाच्या बटणाकडे हात सोडाच, गावच्या ओट्यावर आपला खेळाडू बसवून तो नुसता बघत होता. मीटिंगला उशीर झाला म्हणून शेवटी कुणीतरी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. संगीत तिचंच राहिलं. शिवाय गेममधलं डोंगरातलं दुसरं गावही तिच्याकडे आलं होतं.

"तिथं चार आवाज हवेत," ती म्हणाली. "म्हणजे चार आकडे."

पोरं फळ्यावर तुटून पडली. कुणी एकतीस लिहिला, कुणी एक्केचाळीस, कुणी त्रेचाळीस. दिव्यश्री त्या सगळ्यांत लहान. तिनं खाली कोपऱ्यात हळूच एकोणचाळीस लिहिला.

"ए, पूस तो," गिरीराज म्हणाला. "त्याला तेरानं भाग जातो."

दिव्यश्रीनं बोट पुढं केलं, पण तिला पुसवेना. ती मास्तरांकडे बघू लागली. सुखदाही बघू लागली.

मास्तर कट्ट्यावर जरा पुढं सरकून बसले. "जातो ना भाग," ते म्हणाले. "जाऊ दे. पण आणखी कुणात तेरा आहे का, ते बघा आधी."

पोरं फळ्याजवळ सरकली. पाच डोकी एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्याकडे जाऊ लागली. मास्तर गप्प बसले.